सायबाच्या शिकारीतली बाई

अकोल्याहून परत आलेला खुशालराव हातपाय धुवायच्या आधीच नव्या घराच्या दर्शनी भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. नवऱ्याच्या डोक्यात काहीतरी शिरलंय, हे दुर्गाबाईनं दारातूनच ओळखलं.

"इथं शिकार काढाची," तो म्हणाला.

"कायची शिकार?"

"पाखराईची. हॅरिस सायबाच्या बंगल्यात तसबीर हाय. दोन सायेब, दोन बंदुका, एक कुत्रं. पाखरं उडून राह्यले, एक पडून राह्यलं. आन् बंदुकीतून धूर निघून राह्यला. धूर काढला त्यानं, दुर्गे. धुराचं चित्र पाह्यलं कधी तू?"

काटेपूर्णेच्या काठावरच्या सांगवी गावात त्या काळी सगळीकडे अशीच बोलणी चालत. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती. अमेरिका कुठे आहे हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिथली माणसं एकमेकांशी लढताहेत तोवर विलायतेला वऱ्हाडाचा कापूस लागतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं. मातीच्या घरांना चुन्याच्या भिंती आल्या आणि भिंतींवर चित्रं आली. शेजारच्या गावच्या पंजाबरावानं दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढून घेतले होते. खुशालरावाची भिंत तेवढी पांढरी राहिली होती, आणि त्याचं कारण दुर्गाबाई होती.

तिचं माहेर रिद्धपूरकडचं, महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेलं. एका परमेश्वराखेरीज दुसऱ्या देवतांना हात जोडायचे नाहीत आणि जिवाची हत्या करायची नाही, या दोन गोष्टी ती लहानपणापासून ऐकत आली होती. ती सून होऊन आली तेव्हापासून खुशालरावाच्या घरातलं कोंबडं गोठ्यामागच्या चुलीवर गेलं होतं. भिंतीवर गणपती नको, मारुती नको, हेही तिनंच सांगितलं होतं.

"देव नोको म्हणते तू," खुशालराव म्हणाला. "यात एकबी देव नाई."

"देव नाई, पण मारणं हाय."

"चित्रातलं पाखरू हाय थे. मरते का चित्रातलं पाखरू?"

दुर्गाबाई आत गेली. तिनं त्याला पाणी दिलं, तो पाय धूत असताना शेजारी उभी राहिली आणि मग विचारलं, "थे जे पडून राह्यलं म्हणता, थे मेलेलं हाय का जित्तं?"

खुशालरावाचा हात थांबला. त्यानं आठवून पाहिलं. कुत्र्याचे लांब कान आठवले, टोप्या आठवल्या, धूर आठवला. पाखराचं काही आठवेना.

"थे काई पाह्यलं नाई बा मी," तो म्हणाला. जेवतानाही तो मधेच थांबला आणि म्हणाला, "मेलेलंच असन." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पण पंख तं पसरलेले होते."

दुर्गाबाईनं होकार दिला नाही. पण नकारही पुन्हा बोलून दाखवला नाही, आणि खुशालरावाला तेवढं पुरेसं होतं.

भिंती रंगवणारा नियाज बाळापूरचा. मशिदीच्या कमानीवरच्या वेलबुट्ट्या, सावकारांच्या घरावरचे मोर, पोपट, केळीचे घड, हे सारं तो बापाच्या हाताखाली शिकला होता. आता बाप थकला होता आणि कामं वाढली होती. खुशालरावानं त्याला बैलबंडीत घालून थेट अकोल्याला नेलं.

हॅरिस साहेब विलायतेतल्या एका कंपनीसाठी कापूस घ्यायचा. बंगल्याच्या बैठकीत टांगलेल्या तसबिरीसमोर त्याच्या खानसाम्यानं या दोघांना उभं केलं. नियाजनं डोळे बारीक केले, मग भिंतीच्या इतका जवळ गेला की खानसामा खाकरला.

तसबिरीत रंग नव्हताच. काळ्या शाईच्या केसाएवढ्या रेघा होत्या, हजारो. आडव्या रेघा दाटल्या की ढग होत होता, तिरप्या रेघा विरळ झाल्या की गवत होत होतं. आणि जिथे एकही रेघ नव्हती, कागद कोरा सोडला होता, तिथे धूर होता.

"धूर काढला नाई यानं," नियाज पुटपुटला. "धुराच्या बाजूचं सगळं काढलं. धूर आपोआप उरला."

"पाखरू पाह्य," खुशालराव हळूच म्हणाला. "पडणारं. मेलं हाय का जित्तं?"

नियाजनं पाहिलं. लांब शेपटीचं पाखरू उलटं होऊन खाली येत होतं. डोळ्याच्या जागी शाईचा ठिपका होता. ठिपका उघडा आहे की मिटलेला, हे कसं सांगायचं?

"हे कोनतं पाखरू?" त्यानं खानसाम्याला विचारलं. "रंग कोनता याचा?"

खानसाम्याला ठाऊक नव्हतं. तो दहा ठिकाणी साहेबाबरोबर फिरला होता, पण असल्या शेपटीचं पाखरू त्याच्या पाहण्यात नव्हतं.

एवढ्यात हॅरिस साहेब आला. आपल्या तसबिरीसाठी ही दोन माणसं बंडी जोडून आली आहेत, हे कळल्यावर त्याला मोठी गंमत वाटली. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यानं सांगितलं, की हा त्याच्या गावाकडचा देखावा आहे, तिकडे थंडीत अशीच शिकार होते. मग म्हणाला, "तुम्हारे खेत में तीतर है?"

"हाय ना सायेब. तुरीत लय तितरं हाय," खुशालराव उत्साहानं बोलून गेला, साहेबानं तिथेच शिकारीला यायचं ठरवलं, आणि घरी हे कसं सांगायचं याचा विचार त्याला परतीच्या वाटेवर पडला.

नियाजनं सांगवीत मुक्काम टाकला. चुना घोटून भिंत आरशासारखी केली. गेरू, पिवळी माती, काजळी, नीळ अशा वाट्या ओसरीवर मांडल्या आणि बाभळीचा डिंक भिजत घातला. दुर्गाबाई येता-जाता पाहत होती. पहिले दोन दिवस ती नुसती पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिनं एक कुंचला उचलला.

"नियाजभाऊ, हे केस कायचे हायेत?"

"गाढवाच्या कानातले, बाई."

"गाढव मारून काढते का?"

"नाई जी. कान धरून कातरतो. गाढवाले गुदगुल्या होते, दुसरं काही नाई."

दुर्गाबाईला हसू आलं. तिनं कुंचला जागेवर ठेवला. त्या दिवसापासून तिचे प्रश्न सुरू झाले. आभाळ आधी का काढता? धूर पांढरा, भिंतही पांढरी, मग तो दिसणार कसा? साहेबाच्या तोंडाला रंग कुठला लावणार? नियाज काम करता करता उत्तरं देई. साहेबाच्या तोंडासाठी त्यानं चुन्यात चिमूटभर गेरू कालवला तेव्हा दुर्गाबाईनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आणखी घाला. उन्हात फिरते म्हणता ना थो." नियाजनं घातला, आणि ते बरोबर दिसलं.

धूरही तिच्या डोळ्यांदेखत झाला. नियाजनं निळीचं आभाळ रंगवत आणलं आणि बंदुकीच्या टोकाशी भिंतीचा एक ओबडधोबड तुकडा तसाच कोरा सोडला. रंग सुकल्यावर त्या तुकड्याचा धूर झाला. दुर्गाबाईनं त्यावर बोट फिरवून पाहिलं. हाताला नुसता चुना लागत होता.

पाखरांची जागा मात्र नियाजनं रिकामी ठेवली होती. साहेब शिकारीला येणार होता, आणि पाखरू पडतं कसं ते डोळ्यांनी पाहिल्यावरच तो हात लावणार होता.

शिकारीचं खुशालरावानं तिला आदल्या दिवशी सांगितलं. ती भडकेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आपल्या वावरात?"

"मी हो म्हणून बसलो."

"मी वेचणीले जाईन मंग. घरात बसून आवाज नाई ऐकत मी."

पऱ्हाटीची बोंडं फुटून वावर पांढरं झालं होतं. सकाळी बायांची रांग सरीसरीनं पुढे सरकत होती. दुर्गाबाई आणि तिची धाकटी जाऊ मनकर्णा शेवटच्या सरींत होत्या. ओटीतला कापूस त्या वावराच्या बांधाशी, धुऱ्याजवळच्या ढिगावर आणून रिकामा करायच्या. धुऱ्यापलीकडे तूर माणसाच्या उंचीची उभी होती. नियाज बाभळीखाली उकिडवा बसला होता आणि त्याचे डोळे तुरीवर होते.

साहेब आला. लांब कानांचं, पांढऱ्यावर बदामी ठिपक्यांचं त्याचं कुत्रं पुढे होतं. त्याचं नाव डॅश. गावच्या कुत्र्यांसारखं ते भुंकत नव्हतं, इकडेतिकडे पळत नव्हतं. नाक जमिनीशी लावून नागमोडी चालत होतं. एका जागी ते थांबलं, पुढचा एक पाय उचलला आणि दगडासारखं झालं. बाया वेचणी सोडून पाहू लागल्या.

"मुतून राह्यलं का?" मनकर्णानं विचारलं.

"नाई," दुर्गाबाई म्हणाली. "दाखवून राह्यलं."

साहेबाबरोबर आलेल्या हाकाऱ्यांनी काठ्या आपटल्या. तुरीतून फडफड करत तितरं उठली. बंदुकीचा बार झाला, लगेच दुसरा झाला, आणि त्यानंतर वावरात कुठलाच आवाज उरला नाही, चिमण्यांचासुद्धा.

दुर्गाबाईनं मान वर केली होती. एक तितर तुरीवरून तिरकं येत होतं. एक पंख चालत होता, एक चालत नव्हता. ते दगडासारखं पडत नव्हतं. चालणाऱ्या पंखावर ते आभाळ धरू पाहत होतं, आणि आभाळ सुटत होतं. ते तिच्यापासून दोन हातांवर, कापसाच्या ढिगावर येऊन आदळलं. त्याची मान वळली आणि डोळा तिच्यावर आला. तो डोळा उघडा होता.

तिनं विचार केला नाही. ओटीतला कापूस तिनं त्याच्यावर ओतला आणि खाली बसली.

मनकर्णानं पाहिलं आणि ती सरीत खाली वाकून वेचू लागली.

डॅश तुरीतून बाहेर आलं. धुरा ओलांडून सरळ ढिगापाशी आलं, पुढचा पाय उचलला आणि थांबलं. त्याच्या नाकापासून दुर्गाबाईचा हात वीतभर अंतरावर होता. ते भुंकलं नाही, ढीग उकरला नाही. फक्त कापसाकडे पाहत उभं राहिलं, आणि त्याचं उचललेलं पाऊल जरासं थरथरत होतं.

साहेब आला, मागे खुशालराव.

"तीतर इधर गिरा?" साहेबानं विचारलं.

दुर्गाबाईनं पदर पुढे ओढला. ती काहीच बोलली नाही.

"पडलं का व इकडे?" खुशालरावानं विचारलं. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. मनकर्णा मान खाली घालून वेचत राहिली. साहेबानं ढिगाकडे पाहिलं, बायांच्या पायांकडे पाहिलं, सरीतून थोडा फिरून आला. बायामाणसांच्या कापसात हात घालणं त्याला बरं वाटलं नसावं. त्यानं कुत्र्याला शीळ घातली. कुत्रं हललं नाही. त्यानं नाव घेऊन हाक मारली. तरी ते तिथेच उभं.

मग साहेबाचा चेहरा बदलला. त्यानं कमरेचा चामडी पट्टा काढला आणि कुत्र्याच्या पाठीवर मारला, मग पुन्हा मारला. खुशालरावाकडे वळून म्हणाला, "झूठ बोलता है. झूठा कुत्ता खराब होता है." डॅश केविलवाणं ओरडलं, पोट जमिनीला लावलं, एकदा ढिगाकडे पाहिलं आणि साहेबाच्या मागे चालू लागलं.

नियाज बाभळीखालून उठला होता. त्यानं सारं पाहिलं होतं.

बाया घरी निघाल्या तेव्हा दुर्गाबाईच्या डोक्यावरच्या टोपलीत कापसाखाली तितर होतं. ढिगातला लाल झालेला कापूस तिनं वेगळा काढून धुऱ्याच्या मातीत पुरला होता. घरी तिनं पंखाला हळद-तेल लावलं, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि पाखराला धान्याच्या खोलीत टोपलीखाली ठेवलं.

खुशालरावाला ते दुसऱ्या सकाळी कळलं, तितरानंच सांगितलं म्हणून. भल्या पहाटे घरातून "तितीर, तितीर" असा खणखणीत आवाज आला. तो दचकून उठला, टोपली उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावून तिथेच बसला.

"हे सायबाचं पाखरू हाय," तो म्हणाला.

"वावर आपलं हाय ना?"

"त्यानं मारलं ना पण."

"मारलं कुठं? थे तं जित्तं हाय."

खुशालरावानं टोपली पुन्हा झाकली. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "ज्वारी खाते का?" ती म्हणाली, "वाळव्या आणून द्या. ज्वारीले तोंड लावत नाई थे." आणि खुशालराव फावडं घेऊन गोठ्यामागे वाळवी शोधायला गेला. त्यात वाळव्यांचा जीव जातो, हे दोघांच्याही लक्षात आलं.

नियाजला आता हवं ते मिळालं होतं. तो टोपलीपाशी तासन् तास बसे. लांबून मातीच्या रंगाचं दिसणारं पाखरू जवळून पाहिलं तर अंगभर बारीक रेघा होत्या. तपकिरी, पिवळसर, काळ्या, एकाखाली एक, केसाएवढ्या. गळ्याशी पिवळट रंग आणि त्याभोवती काळी किनार.

"सायबाच्या कागदावर अशाच रेघा होत्या," तो दुर्गाबाईला म्हणाला. "मले वाटलं होतं ही आदमीची कारीगरी हाय. याच्या तं अंगावरच हाय."

लांब शेपटीचं विलायती पाखरू त्यानं सोडून दिलं आणि तितरं काढली. दोन उडणारी, आणि एक पडणारं. पडणाऱ्याचा एक पंख उघडा, एक मिटलेला. दुर्गाबाई मागे उभी राहून पाहत होती. नियाजनं डोळा काढायला काजळीत कुंचला बुडवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"उघडा," ती म्हणाली.

त्यानं उघडा काढला.

आता कुत्रं राहिलं होतं. तसबिरीत ते डाव्या कोपऱ्यात, साहेबाच्या पायाशी होतं. नियाजनं कोळशानं तिथे खूण केली. दुर्गाबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि ते नियाजच्या लक्षात आलं, कारण एव्हाना त्याला तिच्या प्रश्नांची सवय झाली होती.

"काहून गप हाय, बाई?"

"मी खोटं बोलली नाई," ती म्हणाली. "पण बोलली बी नाई. आन् मार त्या कुत्र्यानं खाल्ला."

नियाजनं कोळसा खाली ठेवला.

"पाखरू वाचवलं म्हणून मले बरं वाटून राह्यलं होतं. मंग आज सकाळपासून त्याचं थे पाऊल दिसते डोळ्यापुढं. थे खरं सांगून राह्यलं होतं ना? आन् त्याले लबाड ठरवलं." ती उठून भिंतीपाशी आली. पडणाऱ्या तितराच्या खाली गवतासाठी रिकामी जागा होती. तिथे तिनं तळहात ठेवला. "इथं गवत नोको. इथं कापूस होता. आन् मी होती. कुत्रं इथं, माह्या म्होरं होतं. जसं झालं तसं काढा."

खुशालराव हे ऐकून आतून आला. त्याला हे मुळीच मान्य नव्हतं.

"माही बायको भिंतीवर? रस्त्यानं जाणारे-येणारे लोक पाह्यतीन तुले. पंजाबराव पाह्यीन."

"मंग पाह्यतीन."

"आन् सायेब आला तं? थो म्हणून गेला हाय चित्र पाहाले येतो म्हणून. पुढच्या मालाचं त्याच्याच संगं बोलणं चालू हाय माहं."

"त्याच्यासाठीच काढाले सांगून राह्यली मी," दुर्गाबाई म्हणाली. "मले त्याची बोली येत नाई. त्याले माही येत नाई. चित्र तं समजते ना त्याले? घरात टांगून ठेवते."

दोघं बराच वेळ वाद घालत होते. शेवटी नियाज मधे पडला. "खुशालभाऊ, तोंड नाई काढत मी. पाठ काढतो. डोक्यावर पदर. कोनाची बायको हाय, कोनाले समजन?"

खुशालरावानं थोडा विचार केला. "लुगडं हिरवं नोको," तो म्हणाला. "तिचं हिरवंच हाय. लाल काढ."

असं ठरलं. चित्राच्या मधोमध, पडणाऱ्या तितराच्या बरोबर खाली लाल लुगड्यातली एक बाई आली. तिची पाठ रस्त्याकडे आणि बाजूला कापसाचा ढीग. तिच्यासमोर डॅश, पुढचा पाय उचललेला. तसबिरीत सगळ्यांचे डोळे आभाळाकडे होते. इथे कुत्र्याचे डोळे कापसावर होते.

हॅरिस साहेब आठवड्यानं आला. ओसरीसमोर माणसं जमली होती. साहेब घोड्यावरून उतरला आणि भिंत पाहून मोठ्यानं हसला. टोप्या पाहिल्या, धूर पाहिला, आपलं लालबुंद तोंड पाहून स्वतःच्या गालाला हात लावला. मग त्याची नजर खाली गेली.

"ये औरत कौन है? मेरे तसवीर में औरत नहीं."

खुशालराव घसा साफ करत राहिला. नियाज वाट्या आवरू लागला. साहेब पुढे झाला. त्यानं कुत्र्याचं उचललेलं पाऊल पाहिलं, कुत्र्याची नजर कुठे आहे ते बोटानं मोजल्यासारखं पाहिलं, बाईशेजारचा कापसाचा ढीग पाहिला, वर तितराचा उघडा डोळा पाहिला. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. खराखुरा डॅश त्याच्या बुटापाशी बसला होता. साहेबानं खाली त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा वर चित्राकडे पाहिलं.

"तीतर वहाँ था?" त्यानं विचारलं. आवाज बारीक झाला होता. "कपास में?"

दाराआडून दुर्गाबाईचा आवाज आला. "व्हय. होतं."

मग साहेब वावरातल्या गड्यासारखा टाचांवर बसला, आणि त्यानं कुत्र्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. आपल्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते कोणाला कळलं नाही. कुत्र्यानं त्याची हनुवटी चाटली.

"मर गया?" त्यानं दाराकडे पाहून विचारलं.

उत्तरादाखल दुर्गाबाई टोपली घेऊन बाहेर आली. ओसरीवर टोपली ठेवून तिनं ती थोडी उचलली. तितरानं मान बाहेर काढली. डॅश तत्क्षणी उभं राहिलं. पुढचा पाय उचलला गेला, अंग ताठ झालं. जमलेली माणसं मागे सरली. दुर्गाबाईचा हात टोपलीवर घट्ट झाला, पण तिनं टोपली झाकली नाही. तिला पाहायचं होतं.

कुत्रं तसंच उभं राहिलं. साहेबानं एक शब्द उच्चारला आणि ते पोटावर बसलं. नजर मात्र पाखरावरून हलली नाही.

"खात काहून नाई थे?" दुर्गाबाईनं नवऱ्याला विचारलं, आणि खुशालरावानं जमेल तसं ते साहेबाला विचारलं.

"सिखाया है," साहेब म्हणाला. मग जरा थांबून, "उसका काम बताना. खाना नहीं. मारना मेरा काम."

ते खुशालरावानं तिला सांगितलं. ती कुत्र्याकडे पाहत राहिली. मग आत गेली, दुधात कुस्करलेली भाकर वाटीत घेऊन आली आणि डॅशपुढे ठेवली. डॅशनं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं मान हलवली, तेव्हा त्यानं वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. दुर्गाबाई ते संपेपर्यंत समोर बसून होती.

निघताना साहेब पुन्हा एकदा भिंतीपाशी थांबला. खुशालरावाला म्हणाला, बंगल्यातली तसबीर बनवणाऱ्यानं कुत्रं चुकीच्या जागी काढलं आहे, हे त्याच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. रागावून गेला की खूश होऊन गेला, हे खुशालरावाला बरेच दिवस ठरवता आलं नाही. त्यानं पुढचा कापूस मात्र घेतला, आणि सांगवीच्या तुरीत पुन्हा बंदूक घेऊन आला नाही. ते चित्रामुळे, की दुसरीकडे जास्त तितरं मिळाली म्हणून, हेही कोणाला ठाऊक नाही.

तितराचा पंख वाकडाच जुळला. उन्हाळ्याच्या तोंडावर दुर्गाबाईनं त्याला धुऱ्यावर नेऊन सोडलं. खुशालराव ते उडेल म्हणून वर पाहत होता. तितर उडालं नाही, आखूड पायांनी तुरुतुरु पळत झुडपात शिरलं. तितरं तशीही उडण्याआधी पळूनच पाहतात.

नियाजला त्या भिंतीनं पुष्कळ कामं दिली. मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूर, जिथे जाई तिथे लोक म्हणत, आम्हालाही सायबाची शिकार काढून दे, पण ती बाई असलेली. बाई तिथे काय करते, याबद्दल प्रत्येक गावात वेगळं सांगत. कोणी म्हणे ती पाखरू झेलते आहे, कोणी म्हणे कुत्र्याला खायला घालते आहे. एका म्हाताऱ्यानं तर ठासून सांगितलं, की ती साहेबाला वावरातून निघून जायला सांगते आहे. नियाज कोणालाच खोडून काढत नसे.

त्याची बायको शहाजादी हे सारं नुसतं ऐकत आली होती. एका वर्षी रमजान ईदेनंतर ती हटून बसली, आणि नियाजनं तिला बंडीतून सांगवीला आणलं. दुपारची वेळ होती, ओसरीवर कोणी नव्हतं. शहाजादी बुरख्याची जाळी वर करून भिंतीसमोर उभी राहिली. तिनं साहेब पाहिले, तितरं पाहिली, धुरावर बोट फिरवून पाहिलं. मग त्या लाल लुगड्याच्या पाठीपाशी येऊन थांबली.

"हिचं तोंड कसं हाय जी?" तिनं विचारलं.

नियाज सांगायला लागणार, तेवढ्यात दार उघडलं आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"उन्हात काहून उभ्या हाय?" ती म्हणाली. "वरती या, बसा."

शहाजादीनं तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि ओसरीची पायरी चढली.